जुन्या स्प्लेंडरच्या टाकीवरचे तडकलेले स्टिकर: थिनरच्या आधी नख फिरवून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांची 2009 ची स्प्लेंडर प्लस, काळा रंग, टाकीवरचे आणि साइड कव्हरवरचे पट्टे उन्हाने तडकून टवके उडायला लागलेत. रंग न बिघडवता ते काढायचेत. गॅरेजवाला म्हणतो, "थिनर मारतो, दहा मिनिटांत साफ." चालेल का?

नाही चालणार. त्याला आजच्या आज थांबवा.

थिनरने स्टिकर निघतो हे खरं आहे, पण खालचं काय होईल ते खाली काय आहे यावर ठरतं. कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो, तो थिनरचा एखादा हात सोसतो, फार तर चमक जाते. मधे कधी टाकी बाहेर रंगवून घेतली असेल आणि पेंटरने साधा एनसी (हवेवर वाळणारा, थिनरमध्ये पुन्हा विरघळणारा) रंग मारला असेल, तर स्टिकरच्या आधी रंगच फडक्यावर येईल. साइड कव्हर एबीएस प्लास्टिकचं असतं. त्यावर थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन झिरपलं की प्लास्टिक पांढुरकं पडतं, मऊ होतं, आणि पुढे कव्हर फ्रेमवर बसवणाऱ्या खुंट्यांच्या मुळाशी बारीक चिरा जातात.

म्हणून आधी नख. स्टिकरच्या कडेवरून आडवं नख फिरवा. कड नखाला स्पष्ट अडकली तर स्टिकर वरून चिकटवलेला आहे, तो निघेल. नख गुळगुळीत सरकलं, किंवा फक्त हलकासा उंचवटा लागला, तर स्टिकरवर लॅकर, म्हणजे चमकेसाठीचा पारदर्शक थर, मारलेलं आहे. एकाच गाडीत टाकीवर लॅकरखालचा आणि साइड कव्हरवर वरून चिकटवलेला असंही असू शकतं, तेव्हा दोन्हीकडे वेगवेगळं तपासा. तुम्ही टवके उडताहेत म्हणता, त्यावरून वरचाच असावा असं वाटतं. पण टवक्यासोबत काचेसारखा पारदर्शक पापुद्रा येत असेल, तर ते लॅकर सुटतंय. लॅकरखालचा स्टिकर ओढून निघत नाही, ओढूही नका. तो पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून सपाट करावा लागतो आणि नंतर आख्खी टाकी रंगवावीच लागते. तिथे घरचा उद्योग संपला. चांगला टू-के (हार्डनर मिसळून मारायचा पक्का) रंग मारणारा पेंटर गाठा किंवा आहे तसं राहू द्या.

बाहेर रंगवलीय की नाही हे बघायला टाकीच्या खालच्या बाजूला, सीटखाली झाकलेल्या जागी, फडक्याच्या टोकाला थेंबभर थिनर लावून एकदाच पुसा. फडकं काळं झालं तर रंग कच्चा आहे. अशा रंगावरून स्टिकर ओढला की रंगाचा पापुद्रा सोबत येण्याची शक्यता बरीच, मग टाकी रंगवायचा खर्च धरूनच कामाला लागा.

आता मुख्य काम. स्टिकरची फिल्म पीव्हीसीची असते. ती लवचीक राहावी म्हणून तिच्यात जे द्रव्य घातलेलं असतं ते वर्षानुवर्षांच्या उन्हात निघून जातं. फिल्म आक्रसते, कडक होते, आणि ओढली की नखाएवढे तुकडे हातात येतात. उष्णता दिली की ती थोडा वेळ पुन्हा मऊ पडते, खालचा गोंदही सैल होतो. तेव्हा आधी उष्णता, रसायन नंतर.

पण टाकीवर हेअर ड्रायर किंवा हीट गन चालवायची नाही. ड्रायरमध्ये तापलेली तार आहे, मोटरमध्ये ठिणगी आहे, आणि झाकणाजवळ पेट्रोलची वाफ. टाकी रिकामी केली म्हणजे धोका टळला असं लोकांना वाटतं. खरं तर रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही भरलेली असते, ती भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. टाकीसाठी गरम पाणी घ्या. जुना टॉवेल हाताला चटका बसेल पण धरता येईल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळा, स्टिकरवर दोन-तीन मिनिटं ठेवा, गार झाला की पुन्हा. झाकणाच्या भोवती पाणी जाऊ देऊ नका. आमच्या नागपुरात एप्रिल-मेमध्ये काळी टाकी दुपारी उन्हात ठेवली की टॉवेलचीही गरज पडत नाही.

साइड कव्हर मात्र काढूनच घ्या. खुंट्या जुन्या रबरात घट्ट बसलेल्या असतात, झटका दिला की तुटतात. रबराला साबणाचं पाणी लावा आणि एकेक खुंटी सरळ बाहेर ओढा. मग कव्हर घरात आणून खुशाल ड्रायर वापरा, तो सतत हलता ठेवा. हीट गन इथेही नको. ती काही सेकंदांत प्लास्टिक वाकवते, आणि वाकलेलं कव्हर पुन्हा फ्रेमवर बसत नाही.

कड उचलायला ब्लेड नको, जुनं एटीएम कार्ड किंवा नख पुरे. कड उठली की स्टिकर वर उपटू नका. त्याच्याच पाठीवर दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, अगदी सावकाश ओढा. पहिल्या इंचातच सगळं कळतं. फिल्मच्या मागे गोंदाचा एकसारखा थर येत असेल तर उष्णता बरोबर आहे. फिल्म कटकन तुटली तर थंड आहे. गोंदाचे तंतू ताणले जाऊन टाकीवरच राहत असतील तर जास्त तापलंय, थोडं निवू द्या आणि वेग आणखी कमी करा.

तुमचे पट्टे सोळा-सतरा वर्षांचे आहेत, तेव्हा ते आख्खे निघतील ही आशा सोडा. तुकड्या-तुकड्याने निघतील. त्यासाठी ड्रिलला लावायचं रबराचं चाक मिळतं, त्याने काम पटापट होतं, पण ते फक्त पत्र्यावर आणि कंपनीच्या रंगावर. ड्रिल मंद फिरवा, एका जागी थांबू नका. काठांवर आणि घडीवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे चाक नेऊच नका. चाकाची ठिणगी पडत नसली तरी ड्रिलच्या मोटरची पडते, म्हणून गाडीवरच्या टाकीवर हे नको. टाकी उतरवून, पेट्रोल काढून, पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच. एवढा खटाटोप नको असेल तर टॉवेल आणि कार्ड घेऊन एक रविवार घालवा. मला तेच बरं वाटतं.

उरलेल्या चिकट्याला रॉकेल उत्तम होतं, पण आता ते मिळणं मुश्कील. रंगाच्या दुकानातलं साधं टर्पेंटाइन चालतं. नीलगिरीचं तेलही छान काम करतं: टिश्यू पेपर तेलात भिजवून चिकट्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा, चिकटा लोण्यासारखा गोळा होतो, मग कार्डाने सरकवून काढा. प्लास्टिकवर मात्र तेल ठेवून देऊ नका, आतल्या बाजूला तपासून, लावून लगेच पुसा. पेट्रोल नको. ते सुचवणारे दहाजण भेटतील. शेवटी साबणाच्या पाण्याने धुवा, तेलकटपणा राहिला तर पुढचं काहीच नीट होत नाही.

आता पट्ट्यांचा ठसा दिसेल. स्टिकरखालच्या रंगाला ऊन लागलेलं नाही, बाजूचा रंग विटलाय. काळ्यावर हे कमी, लालवर फार. इथे उपाय ठशावर करायचा नाही, बाजूच्या रंगावर करायचा: बारीक कंपाउंड (रंग घासून उजळवायची पेस्ट) हाताने, मऊ फडक्याने. फडक्यावर काळं येऊ लागलं तर वर लॅकर नाही, तुम्ही थेट रंगच घासताय, हात आवरा. लॅकर असलं तरी त्याचा थर साधारण 40-50 मायक्रॉनचा असतो, पॉलिश पेपर घेऊन त्यावर तुटून पडू नका. थोडासा ठसा राहिला तर राहू द्या. नवे पट्टे लावणार असाल तर तो तसाही झाकला जाईल.

स्टिकर काढले म्हणून आरटीओचं काही लागत नाही. टाकीचा रंगच बदलायचा विचार असेल तर मात्र आधी आरटीओची परवानगी आणि मग आरसीत नोंद, हे टाळू नका.

रेडियमवाल्याकडून नवे पट्टे कापून घ्याल तेव्हा ते टाकीच्या झाकणापासून थोडे लांब ठेवा. पंपावर भरताना ओघळलेलं पेट्रोल पहिल्यांदा कडेखाली शिरतं, आणि नवा स्टिकर वर्षभरात तिथूनच उचलायला लागतो. आणि लावण्याआधी वॅक्स करू नका, आधी स्टिकर, मग वॅक्स.