कोअरचे पैसे घेऊन बफरची सफारी : दाद कुठे मागायची?

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहतो. मे महिन्यात शुक्रवार ते रविवार ताडोबाला जायचं म्हणून नागपूरच्या एका एजंटकडे बुकिंग केलं. माझं आणि भावाचं कुटुंब मिळून सहा जण. ८४ हजार रुपये मी यूपीआयने भरले. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफमध्ये ‘मोहर्ली गेट, ३ कोअर सफारी, व्याघ्रदर्शन हमखास’ असं होतं. कोअर म्हणजे जंगलाचा गाभा. प्रत्यक्षात दोन सफाऱ्या आगरझरीच्या बफर गेटमधून, म्हणजे गाभ्याभोवतालच्या पट्ट्यात झाल्या, तिसरी झालीच नाही. हे कोअर नव्हे, हे आम्हाला गाइडकडून कळलं. आता एजंट म्हणतो, ‘जंगल आहे, वाघ काय बांधून ठेवलाय? बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे, फार तर पुढच्या सीझनला अ‍ॅडजस्ट करतो.’ केससाठी नागपूरला खेटे घालावे लागतील का? पोलिसांत जाऊ का?

उत्तर : ताई, सर्वात आधी तक्रारीतून वाघाला बाहेर काढा. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात अर्धा राग वाघ न दिसल्याचा आहे. तो स्वाभाविक आहे, पण एजंटला तेच हवंय. वाघाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे ग्राहक आयोगालाही माहीत असतं. ‘हमखास’ हा शब्द दिशाभूल करणारा आहे, त्याचा उल्लेख एका ओळीत जरूर करा. तुमचं खरं म्हणणं एवढंच असू द्या : मोहर्ली कोअरच्या तीन परवान्यांचे पैसे घेतले आणि एकही परवाना दिला नाही. ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतली त्रुटी आहे. बफरमध्येही वाघ दिसतात, असं तो सांगेल. दिसतात. पण तुम्ही विकत घेतलेली वस्तू ती नव्हती.

नागपूरला जायची गरज नाही. या कायद्याच्या कलम ३४ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे ठाणे. एजंटच्या अटींमध्ये ‘न्यायक्षेत्र नागपूर’ असं छापलेलं असलं, तरी माझ्या मते कायद्याने दिलेला हा हक्क त्यामुळे जात नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, ई-जागृती पोर्टलवर तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि वकील लावण्याची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची आहे. पण थांबू नका, अशा एजंटांचे नंबर बदलतात.

‘नॉन-रिफंडेबल’ला घाबरू नका. ती अट तुम्ही बुकिंग रद्द केलं असतं तर लागू झाली असती. इथे करार मोडला तो त्याने.

तुमची कमकुवत बाजू वेगळी आहे. तो म्हणेल, ‘बफरच्या जिप्सीत राजीखुशीने बसलात, मग आता तक्रार कसली?’ त्याच संध्याकाळी भावाने एजंटला फोन केला आणि ‘उद्या कोअर देतो’ असं उत्तर मिळालं, असं तुम्ही पत्रात शेवटी ओझरतं लिहिलंय. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात मोलाचा मुद्दा आहे. भावाच्या फोनमधल्या कॉलच्या नोंदीचा स्क्रीनशॉट आजच काढा आणि त्या संभाषणाबद्दल त्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट पूर्ण एक्स्पोर्ट करा, तुमचे रागाचे मेसेजसुद्धा न गाळता. गेटवर मिळालेल्या प्रवेशाच्या पावत्या सापडल्या तर उत्तम. त्यांवर गेट, तारीख, फेरी सगळं असतं.

आणखी एक करा. चंद्रपूरला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांचं कार्यालय आहे. तिथे माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज द्या : त्या तीन तारखांना आमच्या नावांवर मोहर्ली कोअरचा परवाना निघाला होता का? बुकिंग पर्यटकाच्या नावावर आणि ओळखपत्रावर होतं, त्यामुळे नोंद असायला हवी. परवाना निघालाच नव्हता असं लेखी आलं, तर ‘बुकिंग केलं होतं, ऐन वेळी रद्द झालं’ हा बचाव तिथेच संपतो. ‘कोअर फुल्ल होतं’ म्हणाला, तर ते निघण्याआधी तुम्हाला का कळवलं नाही, याचं उत्तर त्याला द्यावं लागेल.

पोलिसांचं म्हणाल, तर घाई नको. त्याने बनावट परवाना पाठवला असता किंवा पैसे घेऊन गायब झाला असता, तर मी तुम्हाला थेट पोलीस ठाण्यात पाठवलं असतं. इथे राहणं, जेवण, दोन सफाऱ्या मिळाल्या आहेत. पोलीस बहुधा दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील. गूगलवर अनुभव जरूर लिहा, पण घडलं तेवढंच. ‘चोर’, ‘लुटारू’ हे शब्द टाळा, नाहीतर अब्रुनुकसानीची नोटीस तुम्हालाच येईल.

आता मागायचं किती? पूर्ण ८४ हजार मागू नका. दोन रात्री राहून, जेवून आल्यावर ते टिकणार नाही. न झालेल्या सफारीचे पूर्ण पैसे, उरलेल्या दोन सफाऱ्यांच्या कोअर-बफर दरांतला फरक, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, एवढं मागा. आधी पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टने पाठवा, तीच ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. आयोगात गेलात तर समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा मिळतात. निकाल मात्र कायद्यातल्या तीन महिन्यांत लागेल असं धरून चालू नका.

नोटीस पोचली की त्याचा फोन येईल. पुढच्या सीझनचं क्रेडिट नको, असं लेखी कळवा. रोख तडजोड पटली तर रक्कम खात्यात जमा झाल्यावरच ‘आता काही तक्रार नाही’ असं लिहून द्या, त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर साधं ‘ओके’सुद्धा नाही.