वडस काढला, पाच महिन्यांत परत हजर!

प्रश्न : मी हर्णैचा, वय 34, बारा वर्षं बोटीवर आहे. डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढत वाढत काळ्यापर्यंत आलं म्हणून दीड वर्षापूर्वी ऑपरेशन केलं, नुसतं काढलं आणि पट्टी मारून संध्याकाळी घरी सोडलं. पाच महिन्यांत परत तेच, उलट आधीपेक्षा जाड आणि लालभडक. डावीकडे बघितलं की एकाचे दोन दिसतात. आता दुसरे डॉक्टर म्हणतात पापणीखालची कातडी काढून तिथे लावू. आई म्हणते, एकदा केलंस ना, आता गप मध घाल. पहिल्यांदा मुळापासून काढलंच नव्हतं का? आणि परत केलं नि परत आलं तर?

उत्तर : आईंना सांगा मध पोळीवर, डोळ्यात नको. वडस, म्हणजे हे काळ्यावर वाढत येणारं मांस, थेंबांनी विरघळत नाही, मधाने तर नाहीच, इन्फेक्शन मात्र होऊ शकतं.

आता मुळाचं. सगळे हेच विचारतात, पण वडस म्हणजे गवत नाही की मूळ राहिलं म्हणून उगवलं. मांस काढलं की खाली पांढरा भाग उघडा पडतो आणि तो तसाच सोडला तर जखम भरताना शरीर तिथे परत रक्तवाहिन्या आणि तंतू धाडतं, बुबुळाच्या कडेला जे कुंपण असतं ते आधीच मोडलेलं, मग सरळ काळ्यावर चढतं. अशा नुसत्या काढण्यात परत येण्याचं प्रमाण फार मोठं आहे, काही ठिकाणी निम्म्याहून जास्त. त्यात वय कमी असलं की जोर आणखी. म्हणजे प्रश्न किती काढलं याचा कमी आणि उघड्या जागेवर काय झाकलं याचा जास्त.

म्हणून ती पापणीखालची कातडी. घाबरू नका, चेहऱ्याची नाही आणि दुसऱ्या कुणाच्या डोळ्याची तर नाहीच, तुमच्याच डोळ्याच्या पांढऱ्यावरचा पारदर्शक पापुद्रा, वरच्या पापणीआड झाकलेल्या भागातला, जिथे ऊन कधी पोचलेलं नसतं. इतका पातळ काढतात की खालून कात्रीचं टोक दिसतं, आणि सुटा झाला की कांद्याच्या सालीसारखा गुंडाळतो, उलटा लागू नये म्हणून आधी शाईचा ठिपका देऊन ठेवतात. मग बारीक टाके नाहीतर फायब्रिन ग्लू, म्हणजे टाक्यांऐवजी पापुद्रा चिकटवणारा डिंक. ग्लूचा खर्च जास्त पण खुपणं कमी. 1985 मध्ये अमेरिकेत केनियन आणि सहकाऱ्यांनी वाढलेल्या आणि परत आलेल्या अशा 57 डोळ्यांवर हे केलं, 3 मध्येच परत आलं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनचे सर्जन हर्स्ट तर खूप मोठा भाग साफ करून मोठा पापुद्रा लावतात, त्यांच्या 1000 ऑपरेशनांत एकदाच परत आलं, पण तो हात सगळ्यांकडे नसतो हेही खरं.

तुमची केस मात्र पहिल्यासारखी सोपी नाही. एकाचे दोन दिसतात म्हणजे आतला व्रण डोळा नाकाकडे वळवणाऱ्या स्नायूला चिकटून डोळा बाहेर वळू देत नसणार. तो स्नायू न दुखावता सोडवायला वेळ लागतो, वीस मिनिटांचं काम नव्हे, म्हणून कॉर्निया, म्हणजे बुबुळ, बघणाऱ्या सर्जनकडेच जा. डोळा लालभडक असताना घाई नको, आधी थेंबांनी शांत करतात, बरेच सर्जन पहिल्या ऑपरेशननंतर निदान सहा महिने थांबतात, तुमचे तर होऊन गेलेत. मायटोमायसिनचं नाव निघेल. मुळात कॅन्सरचं औषध, 0.02 टक्के ताकदीचं, मिनिट-दोन मिनिटं लावून धुतात. परत येणं कमी होतं पण जास्त झालं तर पांढरा भाग विरघळून पातळ पडतो, म्हणून किती वेळ लावणार ते विचारा. आणि काढलेला तुकडा तपासायला पाठवतील का हेही विचारा, क्वचित वडसासारखं दिसणारं काही वेगळंच निघतं.

नंतरचे स्टिरॉइडचे थेंब सहा-आठ आठवडे हळूहळू कमी करायचे असतात, बरं वाटलं म्हणून बंद नाही आणि मेडिकलमधून परस्पर परत आणून चालू तर अजिबात नाही, डोळ्याचं प्रेशर वाढतं. परत यायचंच तर बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच येतं, तेवढं वर्ष दाखवत राहा.

बोटीवर गॉगल घ्याल तो बाजूनेही झाकणारा घ्या. कानशिलाकडून तिरपी आलेली किरणं बुबुळातून वाकून नाकाकडच्या कडेवर एकवटतात, वडस बहुतेक त्याच बाजूला होतो त्याचं हे एक कारण मानतात. वर टोपी असली तरी पाण्यावरून चकाकी खालून येते.

प्रश्न : वडील 68, वडस आणि मोतीबिंदू दोन्ही, एकदमच उरकता येईल का? (सोलापूर)

उत्तर : छोटा, काळ्यावर जेमतेम आलेला असेल तर वडस राहू दे, मोतीबिंदू करा. मोठा असेल तर आधी वडस. तो बुबुळ ओढून त्याचा बाक बदलतो आणि लेन्सचा नंबर त्याच बाकावरून काढतात, तेव्हा वडस काढून दोन-तीन महिने थांबा, माप परत घ्या, मग लेन्स. काचबिंदू असेल तर आधीच सांगा, मग पापुद्रा वरून न घेता खालून घेता येतो, वरची जागा पुढच्या ऑपरेशनला लागू शकते.