स्पीकरआधी खोली पाहावी

या वेळी घरच्या संगीतयंत्रणेबद्दल आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यातली अडचण खानदेशातल्या अनेक घरांची आहे.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो असून भुसावळला राहतो. शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत आणि भावगीते निवांतपणे ऐकता यावीत म्हणून बैठकीच्या खोलीसाठी बुकशेल्फ स्पीकर घ्यायचे ठरवले आहे. खोली १० फूट बाय १२ फूट आहे, वर स्लॅब आणि खाली टाइल्स आहेत. स्पीकर भिंतीतल्या शोकेसमध्ये बसवण्याचा विचार आहे. बरीच चौकशी करून केईएफ क्यू १५० आणि एलॅक डेब्यू २.० बी ६.२ या दोन जोड्यांपर्यंत आलो आहे. दुसरीचा वूफर, म्हणजे खर्जाचा आवाज देणारा पडदा, मोठा आहे, म्हणून तीच घ्यावी असे मुलगा म्हणतो. कोणती घ्यावी आणि अॅम्प्लिफायर किती वॉटचा असावा? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वूफर नसून शोकेस आहे. ‘बुकशेल्फ’ या नावाने पुष्कळांची दिशाभूल होते. हे स्पीकर फळीवर मावतील एवढे लहान असतात, इतकाच त्या नावाचा अर्थ आहे. पुस्तकांच्या रांगेत कोंबून ते चांगले वाजतात, असा नाही. या दोन्ही स्पीकरच्या पेटीला हवेसाठी एक तोंड ठेवलेले असते आणि वूफरच्या मागच्या हवेचा उपयोग करून खर्जाचा आवाज त्यातून बाहेर येतो. केईएफ क्यू १५० चे हे तोंड पाठीमागे आहे, तर एलॅकचे पुढच्या बाजूला, वूफरच्या खाली आडव्या फटीसारखे आहे. पाठीमागे तोंड असलेला स्पीकर तिन्ही बाजूंनी बंद शोकेसमध्ये ठेवला की खर्ज फुगतो. डग्ग्याचा ‘घे’ जिथे थांबायला हवा तिथे थांबत नाही, पुढच्या बोलावर सांडतो, आणि द्रुत लयीत तबला नुसता गुरगुरल्यासारखा ऐकू येतो.

म्हणून शोकेस सोडायचीच नसेल, तर या दोन जोड्यांमध्ये एलॅक घ्यावी. तीसुद्धा फळीच्या आत खोल न सरकवता तिचा दर्शनी भाग फळीच्या कडेशी आणावा आणि खाली रबराच्या जाड चकत्या ठेवाव्यात, म्हणजे काचा आणि भांडी थरथरणार नाहीत. परंतु माझे मन विचाराल तर शोकेस काचेच्या कपांसाठी राहू द्यावी आणि स्पीकर स्टँडवर ठेवावेत. स्टँड गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात चौकोनी पाइपचे करून मिळतात, फक्त ते जड हवेत. आत कोरडी वाळू भरून घेतली की काम होते. उंची तुमच्या बसण्यावरून ठरवावी. गादीवर मांडी घालून ऐकणाऱ्याचा कान जमिनीपासून साधारण ३० इंचांवर येतो, सोफ्यावर बसणाऱ्याचा ३८ ते ४० इंचांवर, आणि ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा, कानाच्या उंचीला असला पाहिजे. स्पीकरच्या मागे भिंतीपर्यंत किमान एक फूट, शक्य असेल तर दीड फूट जागा सोडावी.

आता वूफरकडे वळू. क्यू १५० चा वूफर सव्वापाच इंची आहे आणि कंपनी त्याची खालची मर्यादा ५१ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५१ कंपने, सांगते. बी ६.२ चा साडेसहा इंची असून त्याची मर्यादा ४४ हर्ट्झ दिलेली आहे. कागदावर दुसरा सरस दिसतो, पण तुमच्या आवडीच्या संगीतात त्या सात हर्ट्झमध्ये काय असते, हे पाहू. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला, तर तो सुमारे १३९ हर्ट्झवर येतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. गायिकांची पट्टी याहून बरीच वर असते. म्हणजे तंबोऱ्याचा सगळा घुमारा दोन्ही स्पीकरांच्या आवाक्यात येतो आणि ४४ ते ५१ या पट्ट्यात तुमच्यासाठी जवळजवळ काहीच नाही.

उलट त्या पट्ट्यात तुमची खोली मात्र बसली आहे. प्रत्येक खोलीला लांबी-रुंदीप्रमाणे स्वतःचे काही स्वर असतात, आणि त्या स्वरांवर ती विहिरीसारखी घुमते. १२ फुटांच्या लांबीचा पहिला स्वर ४७-४८ हर्ट्झच्या आसपास पडतो, १० फुटांच्या रुंदीचा ५६ ते ५८ च्या दरम्यान. मोठा वूफर यांतल्या पहिल्या स्वरालाही पुरेपूर खाद्य पुरवतो. जळगावच्या माझ्या घरी जवळपास एवढ्याच खोलीत मी पूर्वी मोठ्या वूफरची जोडी कोपऱ्यात लावली होती, तेव्हा पखवाजाच्या काही थापा खिडकीच्या गजांपर्यंत जाणवत आणि काही हरवून जात. दोष स्पीकरचा आहे, असे मी वर्षभर समजत होतो. एका रविवारी दोन्ही स्पीकर कोपऱ्यातून दीड फूट बाहेर ओढले, तेव्हा पहिल्यांदा त्या थापा एकसारख्या ऐकू आल्या.

क्यू १५० ची आणखी एक बाजू सांगायला हवी. तिचा ट्वीटर वूफरच्या बरोबर मध्यभागी बसवलेला आहे. केईएफने ही रचना १९८८ मध्ये ‘युनि-क्यू’ या नावाने आणली. तिच्यामुळे आवाज एकाच बिंदूतून निघाल्यासारखा पसरतो आणि समोर न बसता बाजूला बसलेल्या माणसालाही गळ्याचा पोत फारसा बदललेला वाटत नाही. तुमच्याकडे चार माणसे जमून ऐकत असतील, तर हा गुण फार मोलाचा आहे. एलॅकच्या बाजूने असे म्हणता येईल की तिचा रेशमी डोम ट्वीटर मवाळ आहे आणि जुन्या ध्वनिमुद्रणांतला कर्कशपणा तो उगाच पुढे आणत नाही. कागदावर वरच्या टोकाला लिहिलेले २८ किंवा ३५ किलोहर्ट्झ हे आकडे मात्र खुशाल विसरावेत. सीडीतच २२ किलोहर्ट्झच्या वर काही नसते, एफएम रेडिओ १५ पर्यंत पोहोचतो, आणि साठीनंतर आपला कान त्याच्याही खाली थांबतो.

वॉटच्या बाबतीत तुम्ही निश्चिंत राहावे. दोन्ही स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८६-८७ डेसिबल आवाज देतात. त्यांतला एका डेसिबलचा फरक तुमच्या निवडीत धरण्याजोगा नाही. आठ फुटांवर बसून तुम्ही नेहमीच्या आवाजात ख्याल ऐकाल, तेव्हा सरासरी अर्धा वॉटही खर्च होत नसतो. तबल्याची खणखणीत थाप किंवा तार षड्जावरची झेप यांना क्षणभर त्याच्या शंभरपट शक्ती लागू शकते, म्हणून प्रत्येक चॅनेलला ४० ते ५० वॉट आरएमएस (म्हणजे सतत देता येणारी शक्ती) पुरेसे आहेत. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला पीएमपीओचा (क्षणिक कमाल शक्तीचा) आकडा वाचूच नये, त्याला काही अर्थ नसतो. फक्त एक गोष्ट दुकानदाराकडून नक्की करून घ्यावी. अॅम्प्लिफायर ४ ओहमचा भार पेलणारा असावा, कारण क्यू १५० वर ८ ओहम लिहिलेले असले तरी काही स्वरांवर तिचा रोध चारच्याही किंचित खाली उतरतो.

ऐकायला जाताना तुम्हाला तोंडपाठ असलेली एखादी बंदिश घेऊन जावी आणि दोन्ही जोड्या अगदी सारख्या आवाजावर लावायला सांगाव्यात, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच चांगला वाटतो. गायकाने सम गाठण्यापूर्वी घेतलेला श्वास आणि मागच्या तंबोऱ्याची जवार या दोन गोष्टींकडे कान द्यावा. जवारीतले स्वर एकेक सुटे होऊन तरंगताना ऐकू आले, तर तो स्पीकर तुमचा आहे.

स्टँड करणार असाल तर माझे मत क्यू १५० ला आहे. दोन्हींपैकी काहीही आणले तरी टाइल्सवर जाड सतरंजी आणि समोरच्या भिंतीला जाड पडदा आधी आणावा. खोलीच्या मध्ये उभे राहून टाळी वाजवावी. तिच्या पाठोपाठ ‘ट्रर्र’ असा झणत्कार येत असेल, तर कोणताही स्पीकर त्या खोलीत गाणार नाही.

प्रश्न : आमचे रावेर तालुक्यात जुने धाब्याचे घर आहे. वीज वारंवार जाते, इन्व्हर्टर आहे. आतच अॅम्प्लिफायर असलेले ब्लूटूथचे स्पीकर घ्यावेत की वेगळा अॅम्प्लिफायर आणि साधे स्पीकर? — एक शेतकरी वाचक

उत्तर : मी वेगळा अॅम्प्लिफायर सुचवीन. आत अॅम्प्लिफायर असलेले स्पीकर सुटसुटीत असतात आणि त्यांतले चांगले खरोखर चांगले वाजतात, परंतु विजेच्या झटक्याने आतले सर्किट गेले की पूर्ण जोडी बंद पडते आणि तो सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळत नाही. साध्या स्पीकरमध्ये बिघडण्यासारखे फार थोडे असते. वूफरच्या कडेची पट्टी फोमची असेल तर काही वर्षांनी तिचा चुरा होतो, रबराची कितीतरी जास्त टिकते, आणि ती बदलून देणारे कारागीर मोठ्या गावांतून अजून आहेत. म्हणून घेतानाच कड रबराची आहे ना, हे बोटाने दाबून पाहावे.

इन्व्हर्टर साइन वेव्ह प्रकारचा आहे का, हे तपासावे. चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर अॅम्प्लिफायरमधून सतत गुणगुण येते आणि ती शांत आलापीत असह्य होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा अॅम्प्लिफायर बंद कपाटात ठेवू नये आणि त्याच्या डोक्यावर चार बोटे तरी जागा मोकळी असावी. कूलरची ओली हवा स्पीकरवर थेट येऊ देऊ नये. कूलरच्या घरघरीत मंद स्वर बुडतातच, त्यामुळे उन्हाळ्यात मन लावून ऐकायचे असेल तर पहाटेची वेळ धरावी.

तुमचे धाब्याचे घर मात्र भाग्याचे आहे. मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब आणि वरच्या सरांची (लाकडी तुळयांची) उघडी रांग यांच्यामुळे आवाज स्लॅबच्या खोलीसारखा उलटून अंगावर येत नाही. तिथे पाच इंची वूफरची साधी जोडीही मोकळी वाजेल. ते घर पाडून स्लॅब टाकण्याचा बेत असेल, तर निदान ऐकण्याची खोली तेवढी राखावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रश्न : स्पीकरसाठी महागडी वायर घेतल्याने आवाज सुधारतो का? — एक वाचक, धुळे

उत्तर : १०-१५ फुटांपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर पुरते, आणि ती विजेच्या कोणत्याही दुकानात मिळते. लाल टोक लालला आणि काळे काळ्याला जोडले आहे, याची खात्री मात्र करावी. एका स्पीकरचे टोक उलटे जोडले गेले तर खर्ज नाहीसा होतो आणि गायक समोर बसलेला न वाटता खोलीभर विखुरल्यासारखा वाटतो. वायरवर खूण नसेल, तर अॅम्प्लिफायरकडची टोके सोडवून दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर लावावीत. वूफरचा पडदा बाहेर सरकला, तर सेलच्या धन बाजूला लावलेली तार लाल खुणेची समजावी.