'आई' खोडून पुन्हा 'माय' लिही

प्रिय,

वार्षिकांकासाठी दिलेली कथा परत हातात पडली तेव्हा तुझा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. समासात पेन्सिलीच्या एवढ्या खुणा पाहून कुणालाही वाईट वाटेल. पण तुझी कथा मी तीनदा वाचली, म्हणून त्या खुणा आहेत. ती आपल्याला छापायची आहे.

पहिली दोन पानं काढून टाक. मावळता सूर्य, घरट्याकडे परतणारे पक्षी हे पाठ्यपुस्तकातून आलंय. तुझी कथा एस.टी.त सुरू होते. कंडक्टर जवळ येतो तशी आई कुजबुजते, "अंग चोरून बस", आणि बारा वर्षं उलटलेला पोरगा अर्ध्या तिकिटात मावावं म्हणून गुडघे पोटाशी घेतो. तिथं मी वाचता वाचता थांबलो. कंडक्टरला कळलं की नाही, हे मात्र सांगू नकोस.

कच्च्या वहीत तू 'माय' लिहिलं होतंस, पक्क्या प्रतीत 'आई' केलंस. छापायचं म्हणून केलंस ना? औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात १९६७ साली 'अस्मिता' हे दलित साहित्याचं त्रैमासिक सुरू झालं, तेच पुढे 'अस्मितादर्श' झालं. गंगाधर पानतावणे सरांनी ते अनेक दशकं चालवलं, लेखक-वाचक मेळावे भरवले. ज्यांच्या घरात आधी कुणी लिहिलं नव्हतं अशी कितीतरी माणसं तिथं लिहिती झाली, आणि वस्तीतली बोली ताठ मानेनं छापून आली. एका कॉलेजच्या आवारातून हे उभं राहिलं. मग आपल्या अंकात 'माय' का नको?

तुझ्या वयाचा असताना मी एका मासिकाला कथा पाठवली होती. चार महिन्यांनी छापील चिठ्ठी आली, 'साभार परत'. कुठं चुकलं, त्याची एक ओळ नाही. पुढं सहा वर्षं मी काही लिहिलं नाही. म्हणून अंकासाठी आलेलं एकही लिखाण मी खुणांशिवाय परत करत नाही. माझी एखादी खूण पटली नाही तर भांड माझ्याशी, पण कारण सांग.

नवी प्रत घरी मोठ्यानं वाच. जीभ अडखळली की वाक्य मोड. शेवटचा फॉर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा शेवटचा ताव, अजून छपाईला गेलेला नाही, त्यात तुझ्यासाठी चार पानं राखली आहेत. गुरुवारी चार वाजता ग्रंथालयात ये. कथेला नाव दिलेलं नाहीस, तेही घेऊन ये.

तुझे सर