नळाचं पाणी परत नर्मदेत जातं का?

प्रश्न: आमच्या नळाला नर्मदेचं पाणी येतं. मग घरातलं सांडपाणी फिरून नर्मदेतच जात असेल ना, असं सातवीतल्या नातीनं विचारलं. मला सांगता आलं नाही.
– एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर: आजी, नातीला माझी शाबासकी सांगा. मी 31 वर्षं इथं भूगोल शिकवला, पण हा प्रश्न फार थोड्या मुलांनी विचारला.

नर्मदेत नाही जात. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे आणि पठाराचा उतार उत्तरेकडे. दक्षिणेची कड म्हणजे विंध्य. महूहून मंडलेश्वरला जाताना जाम दरवाजापाशी थांबा, जमीन एकदम तुटते आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. नर्मदा तिथं, खाली. तिचं पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून पंपांनी टप्प्याटप्प्यानं चढवून सुमारे 70 किलोमीटर आणतात, 1978 पासून.

मोरीतून निघालं की ते खान नदीच्या वाटेला लागतं. (कागदोपत्री कान्ह, आमच्या तोंडी खानच.) कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी (होळकरांच्या समाध्यांपाशी) इथली छोटी सरस्वती नदी तिला मिळते. पुढं उज्जैनजवळ त्रिवेणीला खान क्षिप्रेत, क्षिप्रा चंबळेत, चंबळ यमुनेत, यमुना गंगेत. अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी तुमच्या स्वयंपाकघरातून बंगालच्या उपसागराकडे वळतं!

नातीला जानापावच्या डोंगरावर न्या. मी मुलांना तिथं दोन तांबे ओतायला लावायचो. उत्तरेच्या उतारावर ओतलेला चंबळेचा, दक्षिणेकडचा चोरल नदीतून नर्मदेचा. पाठ्यपुस्तकातला ‘जलविभाजक’ हा शब्द त्यानंतर कुणाला पाठ करावा लागला नाही.

आता बरंच सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतून जातं, 2021 मध्ये इंदूरला देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ (सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीनाल्यांत न सोडणारं) शहर ठरवलं, त्याचा मला आनंदच आहे. पण माझी थोरली बहीण उज्जैनला दिलेली, सणावारी क्षिप्रेत स्नान करणारी. 2016 च्या सिंहस्थासाठी खानचं पाणी घाटांच्या वरच्या अंगालाच वळवून मोठ्या नळांतून पलीकडे काढून द्यावं लागलं. तेव्हा ती फोनवर म्हणाली, “तुमची मोरी आमच्या देवघरातून वाहत होती रे इतकी वर्षं.” फार लागलं मला ते. तेव्हापासून तळणीचं उरलेलं तेल मी मोरीत ओतत नाही. बाटलीत भरून सकाळच्या कचरागाडीत देतो.