कलिंगड, साबण की शेवाळ? आधी ते ठरव

पहिल्या पगारातून ‘समुद्रासारखा’ परफ्यूम घ्यायचाय, रोज लोकलने अंधेरी, आणि मित्राचा लावून बघितला तर दोन तासात उडाला, असं लिहिलंयस. अरे, खऱ्या समुद्राचा वास कुणालाच नको असतो. मी मालवणकडचा, आमच्याकडे समुद्र म्हणजे वाळत घातलेले बांगडे आणि ओहोटीचा चिखल. तो लावून ऑफिसात जाशील का?

बाटलीतला समुद्र वेगळाच. त्यातला बराचसा कॅलोन नावाच्या रसायनाचा खेळ, १९६६ मध्ये फायझरच्या केमिस्ट लोकांना सापडलेलं. नुसतं हुंगलं तर कलिंगड आणि कालवं एकत्र कापल्यासारखं. अक्वा दी जिओ (१९९६) हा परफ्यूम ह्याच घराण्यातला, वर लिंबूवर्गीय फळं असल्यामुळे गोड वाटतो. कूल वॉटर (१९८८) लोक मरीन, म्हणजे समुद्री, म्हणतात पण त्यात मुख्य जोर डायहायड्रोमिर्सेनॉल नावाच्या दुसऱ्या रसायनाचा, म्हणजे लव्हेंडर, साबण, नुकतीच आंघोळ केल्यासारखा. आणि बुल्गारी अक्वा (२००५) मध्ये समुद्री शेवाळाची खारट, हिरवट छटा आहे, मला तोच आवडतो पण घरात दोन मतं आहेत. तुला ह्यातलं नेमकं काय हवंय ते आधी ठरव, ब्रँड नंतर.

मॉलमध्ये एसीत कागदाच्या पट्टीवर हुंगून घेऊ नकोस, ही चूक मी केलीय. तिथे थंडगार झुळूक वाटली, घरी मे महिन्यात अंगावर लावला तर नासकी काकडी!! शेवटी मेहुण्याला दिला, त्याच्या अंगावर मात्र छान येतो, काय बोलणार. टेस्टर मनगटावर मार, बाहेर पड, घाम येऊ दे, तीन-चार तासांनी परत हुंग, तेव्हा जे उरलंय तेच तुझं. नाहीतर पाच-दहा मिलीचा डिकंट (मोठ्या बाटलीतून छोट्या कुपीत काढून दिलेला) मागव, पूर्ण बाटलीची घाई कशाला.

आता दोन तासांचं. वरचे लिंबूबिंबू उडतातच, ते तसेच असतात, पण बरेचदा परफ्यूम असतो आणि आपलं नाकच सरावतं, म्हणून उडाला म्हणायच्या आधी शेजारच्या टेबलवरच्याला विचार. मी हे न विचारता सहा स्प्रे मारून जायचो, एक दिवस लिफ्टमध्ये एक मॅडम चक्क रुमाल लावून उभ्या होत्या. विरारच्या गर्दीत तर दोन बास. आंघोळीनंतर अंग नीट कोरडं करून, वास नसलेलं मॉइश्चरायझर लावून एक छातीवर आणि एक शर्टाच्या आतल्या बाजूने, कारण कपड्यावर जास्त टिकतो (पांढऱ्या शर्टावर लांबून मार, डाग पडू शकतो). घामावर डायरेक्ट मारू नकोस, दोन्ही वास मिळून तिसरंच काहीतरी होतं.

आणि बाटली बाथरूममध्ये ठेवू नकोस, उष्णतेने वास बिघडतो. कपाटात कपड्यांच्या मागे ठेव, भावाच्या हाताला लागणार नाही अशी.