तुमचे प्रश्न : रिकाम्या खोक्यांची कागदी सजावट

प्रश्न (सोलापूर) : चहापत्ती आणि टूथपेस्टच्या खोक्यांची फुलं करते. पाकळी पेन्सिलीवर गुंडाळली की छापील बाजू तडकते, पांढऱ्या रेघा उमटतात. गरम इस्त्री फिरवून पाहिली, उपयोग झाला नाही.

उत्तर : इस्त्रीने पुठ्ठा आणखी कोरडा आणि कडक होतो, ती नकोच. कारण तंतूंच्या दिशेत आहे. कारखान्यात पुठ्ठा ज्या दिशेने धावतो, बहुतेक तंतू त्याच दिशेने पडतात. तंतूंना समांतर वळवला तर पुठ्ठा सहज वळतो, आडवा वळवला तर मोडतो. खोका उलगडून 8 सेंमीचा चौकोन कापा आणि दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने कमी जोर लागतो, ती वळणाची रेघ म्हणजे तंतूंची दिशा. खोक्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बाण काढून ठेवा. पाकळीचं टोक पेन्सिलीवर गुंडाळायचं असेल तर पाकळी अशी आखा की पेन्सिल आणि बाण समांतर येतील. जाड पुठ्ठा असेल तर कापलेली पाकळी चिमट्यात धरून आठ-दहा सेकंद वाफेवर धरा, तंतू मऊ पडतात.

घडी घालायची तिथे आधी संपलेल्या रिफिलने पट्टीच्या कडेने दाबून खाच पाडा. ही खाच घडीच्या बाहेरच्या अंगाला राहिली पाहिजे. उलटी घडी घातली की वरचा थर फाटतोच.

आणखी एक. छापील बाजू दर्शनी ठेवण्याचा हट्ट सोडा. तिच्यावर चकचकीत लेप असतो, म्हणून ती तडकते आणि तिच्यावर रंगही धरत नाही. आतली राखाडी बाजू रंग छान शोषते. पांढऱ्या ॲक्रिलिकचा एक हात देऊन वर हवा तो रंग लावा.

प्रश्न (चिपळूण) : ताकाच्या टेट्रापॅकच्या आतल्या चंदेरी बाजूवर नक्षी दाबून ग्रीटिंगवर लावतो. दोन दिवसांत तुकडा सुटून पडतो. फेव्हिकॉलच वापरतो.

उत्तर : टेट्रापॅकमध्ये कागदी पुठ्ठा, ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा आणि प्लॅस्टिकचे थर असतात. प्लॅस्टिक आतल्या बाजूला असतं तसं छपाईच्या बाहेरही असतं. फेव्हिकॉल पाण्यातला, कागदात मुरला तरच तो धरतो. प्लॅस्टिकवर तो नुसता सुकतो आणि पापुद्र्यासारखा निघून येतो.

पॅक कापून सपाट करा, साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. कोपऱ्यांच्या घड्या उलगडून धुवा, वास तिथेच राहतो. वाळला की हातात चांगला चुरगाळा, पुन्हा उलगडा, पुन्हा चुरगाळा. मग एका कोपऱ्याशी नखाने छापील थर उचला. तो लांब पट्ट्यांनी सोलून निघतो आणि खाली खरबरीत कागद दिसतो. त्या बाजूला फेव्हिकॉल पक्का बसतो. चिकटवल्यावर रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवा. चुरगळलेल्या चंदेरी बाजूची सुरकुती जुन्या चांदीसारखी दिसते. गुळगुळीत पृष्ठभागच हवा असेल तर सोलू नका, दोन्ही बाजू कागदाच्याच नसल्याने दुहेरी चिकटपट्टी वापरा.

नक्षी वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्यांवर ठेवून चंदेरी बाजूने दाबा. खाचांत काळा ॲक्रिलिक भरा आणि ओला असतानाच कापडाने वरचा पुसा. पोस्टर कलर इथे टिकत नाही, वाळून झडतो.

प्रश्न (नाशिक) : गौरी-गणपतीच्या मखरासाठी खोक्यांच्या जाड पुठ्ठ्यातल्या नागमोडी पट्ट्या उघड्या करायच्या आहेत. ओढला की त्याही फाटतात.

उत्तर : 2018 पासून राज्यात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून या पुठ्ठ्याला मखरात चांगलं स्थान मिळालं आहे. वरचा कागद आणि नागमोडी थर सहसा स्टार्चच्या खळीने जोडलेले असतात आणि ती पाण्याने सुटते. ओल्या स्पंजने वरचा कागद दमट करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग नागमोडी रेघांच्या दिशेनेच हळू सोला. पुठ्ठा बुडवू नका. रेघा सपाट होतात आणि पुन्हा उठत नाहीत. उरलेले कागदाचे तुकडे ओल्या बोटाने चोळून काढा. पंख्याखाली वाळवा.

प्रश्न (पणजी) : अंड्यांच्या ट्रेची गुलाबं मुलांसोबत करायची आहेत. चालेल?

उत्तर : डाग असलेला ट्रे घेऊच नका, कच्च्या अंड्याच्या सांडण्यातून जंतू येतात आणि ट्रे धुता येत नाही. स्वच्छ ट्रे घेतला तरी काम झाल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत. एका गुलाबाला तीन वाट्या लागतात. प्रत्येकीला चार पाकळ्या कापा, कडा दमट बोटांनी चोळून पातळ करा आणि वाट्या एकात एक, पाकळ्या आलटून-पालटून चिकटवा. रंगाआधी एक भाग फेव्हिकॉल आणि दोन भाग पाणी एकत्र करून लावा, नाहीतर लगदा रंग पिऊन टाकतो आणि लाल गुलाब विटकरी दिसतो.